अंगठा नसलेली बाई

कोपरीच्या मासळीबाजारात शिरलं, की फाटकाला लागून जो पहिला ओटा, तो आवडाबाईचा. त्याआधी तो तिच्या सासूचा, मनुबाईचा होता. त्या ओट्याला मान होता. दोघींचं जुंपलं, की तिसरी म्हणायची, "चला पहिल्या ओट्यावर." कुणाला दवाखान्यात जायचं असलं, की ती आपली पाटी तिथं टेकवून जायची, आणि परत येईपर्यंत पाटीतली एक कोलंबीसुद्धा हलायची नाही. त्या ओट्यावर कोण बसणार, हे बाजारातल्या बायकाच ठरवायच्या. त्याला एकच अट होती: बाईच्या नावाला डाग नको.

आवडाबाईच्या नावाला डाग नव्हता. डाग होता तो तिच्या अंगठ्याला.

त्याचं असं झालं. एक्क्याण्णव साली नवरा गेला, तेव्हा बँकेत खातं काढायला तिला जावं लागलं. कारकुनानं शाईचं पॅड पुढं सरकवलं. तिनं डावा अंगठा दाबला. कागदावर उमटला एक काळा ठिपका. फक्त काळा. रेघ नाही, वळण नाही, काही नाही.

"बाई, अंगठा उठवा म्हटलं, जांभूळ नको," कारकून म्हणाला.

पुन्हा दाबला. पुन्हा जांभूळ. तिसऱ्यांदा तर त्यानं स्वतः तिचा अंगठा धरून दाबला, आणि मग उलटा करून बघितला. वयाच्या बाराव्या वर्षापासून कोलंबी सोलून, खवलं काढून आणि बर्फात हात घालून त्या अंगठ्यावरची एकूण एक रेघ झिजून गेली होती. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झालेला.

"अशानं कसं चालेल? सही शिका," कारकून म्हणाला.

सहा वर्षं ती गोष्ट तशीच राहिली. मग मुलाचं, सहदेवाचं लग्न झालं, आणि दहावी झालेली, डोंबिवलीची नंदा सून म्हणून घरात आली. दुपारी बाजार उरकला, की सासू-सून पाटी-पेन्सिल घेऊन बसायच्या.

"आई, 'ड'ला काना. तो राहिला."

"अगं काना दिला नाय तर काय मी मरते? वाचनाऱ्याला समजतंय ना!"

"नाही समजत. मग आवडबाई होते."

"बरं, दे तुझा काना."

तीन महिन्यांनी आवडाबाईला सही आली. एकेक अक्षर ती पापलेटाची तुकडी पाडावी तशी मोजून-मापून पाडायची. दीड मिनिट लागायचं, पण त्या दीड मिनिटात तिच्याशी कुणी बोलायचं नाही. सही आल्यापासून ती सगळीकडं सही करायला बघायची. एकदा तर तिनं लाँड्रीवाल्याच्या पावतीवर केली.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर देवळामागं एक मंडप लागला. मासे विकणाऱ्या बायकांना बर्फाची पेटी फुकट मिळणार, अशी हाकाटी झाली. टेबलाशी एक चष्मेवाली बाई बसली होती. आवडाबाई रेशनकार्डाची झेरॉक्स आणि फोटो घेऊन गेली आणि लगेच पेन मागितलं.

"सही-बिही काही नको, मावशी," चष्मेवाली म्हणाली. "कागद ठेवा आणि जा."

आवडाबाई हिरमुसली. पेटीही आली नाही. पण तिच्या मनाला सही न झाल्याचंच जास्त लागलं.

पेटीऐवजी जानेवारीत आला एक खोका. दुपारची वेळ होती. कुरिअरवाल्यानं दारातून हाक मारली, "आवडाबाई नाखवा कोण?" नाव बरोबर, पत्ता बरोबर. नंदानं खोका उघडला तर आत काळा, जाडजूड मोबाईल फोन.

त्या काळी मोबाईल म्हणजे बिल्डर नाहीतर पुढारी. कोळीवाड्यात एकाच्या घरी साधा फोन होता आणि त्याला कुलूप असायचं. अर्ध्या तासात आळी गोळा झाली. शेजारची जनाबाई सगळ्यात पुढं. तिचा ओटा आवडाबाईच्या बाजूचा, दुसरा, आणि पंचवीस वर्षं दुसरा असल्याचं तिला पंचवीस वर्षं दुखत होतं.

"काय गं आवडे, आता बोंबलाचा भाव मोबाईलवर सांगनार काय?"

"तुझ्या तोंडापुढं मोबाईल कनाला पायजे? तू हितून बोललीस तरी कल्यानला आयकू जातंय."

हसण्याखिदळण्यात तास गेला, आणि दारात एक तरुण उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, टाय, हातात बॅग. म्हणाला, "मी जगन. कंपनीतून आलोय. मावशी, माफ करा हं, आमच्या माणसानं चुकून पार्सल तुमच्याकडं टाकलं."

"मी बोललेच! माझा कनाला असेल?" आवडाबाईनं खोका त्याच्या हातात दिला. उन्हातून आलेलं पोर म्हणून वर कोलंबीची भजी दिली. तो ती खात असताना आवडाबाई त्याच्या हातांकडं बघत होती. ती तिची सवयच होती. गिऱ्हाईक खोटं तोंड करतं, पण हात खरं बोलतात, असं मनुबाई सांगायची. घासाघीस करणाऱ्याची बोटं आधीच पिशवीच्या नाडीवर असतात.

"अंगठ्याला काय झालंय रे?" तिनं विचारलं. डाव्या अंगठ्यावर तिरपा, जुना वण होता.

"लहानपणी पत्रा लागलेला, मावशी."

"हळद लावायची होतीस."

फेब्रुवारीत दुसरा खोका आला. तासाभरात जगनही आला. पुन्हा चूक, पुन्हा माफी, पुन्हा भजी. तो गेल्यावर नंदा म्हणाली, "आई, एकच चूक दोनदा? आणि पार्सल आलेलं ह्याला बरं कळतं?"

"कंपनीची मानसं असतात हुशार," आवडाबाई म्हणाली, पण तिच्या हातातली सुरी क्षणभर थांबली.

मार्चमध्ये आले गोपीनाथ करंबेळकर. मोबाईल कंपनीचे तपासनीस. पन्नाशीचे, नौपाड्यात राहणारे, घामातही शर्टाचं वरचं बटण न काढणारे. दारातच उभे राहून ते म्हणाले, "आवडाबाई नाखवा आपणच का? आपल्या नावावर दोन फोन घेतलेले आहेत. त्यावरून दुबईपर्यंत बोलणं झालेलं आहे. बिल एकही भरलेलं नाही. ही सरळसरळ फसवणूक आहे, बाई. आठवड्यात खुलासा झाला नाही, तर मला पोलिसांत तक्रार द्यावी लागेल."

आवडाबाईला दुबई तेवढी समजली.

आणि नेमका तोच महिना होता. बाजार नव्यानं बांधून झाला होता, ओटे परत वाटायचे होते, आणि रविवारी बायका बसून पहिला ओटा कुणाचा ते ठरवणार होत्या. करंबेळकरांचा आवाज काही लहान नव्हता, आणि जनाबाईचे कान काही बंद नव्हते. संध्याकाळपर्यंत नळावर तिचं सुरू झालं, "आमी गं गरीब बाया. आमाला कुटं दुबईला फोन करायला येतंय? पहिल्या ओट्यावर पोलिसाची बाई बसवा आता!"

त्या रात्री आवडाबाई जेवली नाही. "सासूबाईचा ओटा," एवढंच म्हणाली. "माझ्या हातानं घालवनार."

"तुम्ही काय केलंय म्हणून घालवाल?" नंदा म्हणाली. "उद्या त्यांच्या कचेरीत जाऊ. एवढं आपल्या नावावर घेतलंय, तर कागद असणार ना कुठंतरी? तो कागद बघू."

दुसऱ्या दिवशी दोघी रिक्षानं ठाण्यात स्टेशनपलीकडच्या कचेरीत गेल्या. आवडाबाई बाजारातून तशीच आलेली, त्यामुळं थंडगार खोलीतली माणसं आपापल्या खुर्च्या हळूच मागं सरकवत होती. करंबेळकरांनी मात्र खुर्ची दिली.

"साहेब, तू कागद दाखव," आवडाबाई म्हणाली. कोळणीचं 'तू' सगळ्यांना सारखंच असतं. कलेक्टर असो की कोथिंबीरवाला.

त्यांनी फाईल उघडली. "हे रेशनकार्ड आपलं?"

"माझा."

"हा फोटो आपला?"

"माझाच. बर्फाच्या पेटीला दिलेला."

"आणि हा डावा अंगठा. निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची, आवडाबाई नाखवा. आता काय म्हणणं आहे?"

आवडाबाईनं कागद ओढून घेतला. बघत राहिली. निळ्या शाईत काय सुरेख अंगठा उठला होता! भोवऱ्यात भोवरा, रेघेला लागून रेघ. आणि तिला एकदम हसू फुटलं. पोट धरून हसायला लागली. नंदाला वाटलं, सासूच्या डोक्यावर परिणाम झाला.

"अरे साहेबा, एवढ्या रेघा तर माझ्या नशिबात पन नाय! आन तुझं शाईचं पॅड."

"कशाला?"

"आन तर."

पॅड आलं. तिनं पदर खोचला, अंगठा दाबला आणि कोऱ्या कागदावर टेकवला. जांभूळ. बाजूला दुसरं. त्याखाली तिसरं. करंबेळकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग स्वतःच्या रुमालानं त्यांनी तिचा अंगठा साफ केला आणि उजेडाला धरला.

"यावर तर... काहीच नाही."

"नाय. मना अंगठाच नाय, साहेब. म्हनून मी सही शिकले. दाखवू?"

तिनं सही केली. दीड मिनिट. कचेरीत कुणी बोललं नाही.

"अंगठेबहाद्दर बाई दिसली की अंगठा उठवायचा," करंबेळकर पुटपुटले, "असं त्याला वाटलं. पण मग हा अंगठा कुणाचा?"

आवडाबाईनं अर्ज पुन्हा डोळ्यांजवळ धरला. त्या सुरेख भोवऱ्यातून एक तिरपी, पांढरी रेघ आरपार गेली होती. शाई न लागलेली.

"हा तर पत्रा," ती म्हणाली.

"काय?"

"पत्रा लागलेला. हळद नाय लावली त्यानं." आणि तिनं जगनची सगळी हकीकत सांगितली, भज्यांसकट.

करंबेळकर उठले, कपाटातून बिलं थकलेले आणखी अर्ज काढले आणि टेबलावर पसरले. कोपरीपासून विठ्ठलवाडीपर्यंतच्या अकरा बायका, अकरा फोटो, अकरा नावं. आणि अकराच्या अकरा अंगठ्यांवर तीच तिरपी रेघ. आजवर ते अंगठे कुणी एकाशेजारी एक ठेवून पाहिलेच नव्हते.

"आवडाबाई," ते जरा खाकरून म्हणाले, "काल मी जे बोललो..."

"ऱ्हाऊ दे. तू पन कंपनीचाच मानूस."

"आपल्या नावाचा तिसरा अर्ज परवाच आलेला आहे. मी तो थांबवून ठेवला होता."

"थांबवतोस कशाला? धाड."

शुक्रवारी दुपारी तिसरा खोका आला. त्याआधीच करंबेळकर आणि साध्या कपड्यातला एक हवालदार स्वयंपाकघरात नंदाजवळ बसले होते. बाहेर उंबऱ्यात जनाबाई पाटी घेऊन कोलंबी सोलत होती. तिला काही सांगितलेलं नव्हतं, पण आवडाबाईच्या घरात पँटवाली माणसं शिरली आणि बाहेर येत नाहीत, म्हटल्यावर तिला स्वतःच्या घरात बसवणार कोण?

तासाभरानं जगन आला. जनाबाईच्या पाटीला वळसा घालून आत शिरला. "मावशी, काय सांगू, पुन्हा तीच चूक..."

"होतंय रे. बस. हा घे तुझा खोका. पन या वेळेला पोच दे बाबा. सूनबाई वरडते मना, असंच कसं देता म्हनून."

"देतो की." त्यानं खिशातून पेन काढलं.

"सही नको."

"म्हणजे?"

"मना सही वाचता येत नाय. आमच्यात अंगठा चालतो." तिनं पॅड पुढं सरकवलं. "डावा."

जगन हसला. "मावशी, मी बी.कॉम. आहे."

"असशील रे. आम्ही कुटं नाय म्हनतो? शिकलेल्याला अंगठा नसतो काय? दाब."

त्यानं घड्याळ बघितलं, खोका बघितला. अडाणी बाई, कुठं वाद घालायचा, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यानं अंगठा दाबला. भोवऱ्यात भोवरा, आणि मधून तिरपी पांढरी रेघ.

"बरोबर हाय, साहेब! ये भाईर!"

करंबेळकर अर्ज घेऊन बाहेर आले मात्र, जगन खोका टाकून दाराकडं वळला. दारात जनाबाई. तिनं काय प्रकरण आहे ते विचारलं नाही. फक्त पाय लांब केले, आणि उंबरा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून गेला.

"कुटं चाललास? भजी नाय खाल्लीस आज."

हवालदारानं त्याला तिथंच धरलं. पुढं ती चष्मेवालीही सापडली. ती त्याचीच मावसबहीण निघाली. करंबेळकरांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, की आवडाबाई नाखवा यांच्याकडं कंपनीचं काहीही निघत नाही, आणि वर हात जोडले. त्या दिवशी त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढून भजी खाल्ली. दोनदा मागून.

रविवारी बायका बसल्या. पहिल्या ओट्याचं नाव कुणीतरी काढायच्या आधीच जनाबाई म्हणाली, "आवडीला द्या. मी शेजारी हाय ध्यान ठेवायला." आवडाबाईनं तिच्याकडं बघितलं. जनाबाई दुसरीकडंच बघत होती.

सोमवारी ओट्यांची नोंद करायला कारकून आला. समोर बायकांची ही रांग. त्यानं वर न बघता वही उघडली, शाईचं पॅड उघडलं आणि आवडाबाईपुढं सरकवलं. "अंगठा."

"ए भाऊ, तिला अंगठा नाय!" रांगेतून जनाबाई गरजली, आणि सगळा बाजार हसून फुटला.

कारकुनानं वर बघितलं. आवडाबाईनं ओला हात पदराला पुसला, त्याच्याच खिशातलं पेन काढून घेतलं आणि वहीवर वाकली. पहिलं अक्षर झालं. दुसरं झालं. पाट्यांमधला बर्फ वितळायला लागला, मागून कुणीतरी "आटप गं बये" म्हणालं.

"थांबा गं," आवडाबाई मान वर न करता म्हणाली. "काना ऱ्हायलाय."