सोडियमच्या दिव्याखाली

यवतमाळच्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये शिकवायला लागल्यापासून माझ्याकडे इतके किस्से साचलेत, की लग्नाच्या पंगतीत वरण वाढायच्या आधीच लोक विचारतात, "सर, नवीन काही?"

* * *

सोडियमच्या उजेडाची पिवळी रेघ बारकाईनं पाहिली, की जवळजवळच्या दोन रेघा दिसतात. ढाणकीचा गजानन स्पेक्ट्रोमीटरला डोळा लावून बसला होता. अचानक ओरडला, "सर, फुटली! फुटली!"

मी महागडी काच वाचवायला धावलो, तर पठ्ठ्या नाचून राह्यला! "रेघ फुटली सर! एकीच्या दोन झाल्या!"

* * *

याच गजाननच्या घरी वरण उतू गेलं अन् गॅसची निळी ज्योत पिवळीधमक झाली. आई बंद करायला धावली, तर हा आडवा! "थांब न माय, मिठातलं सोडियम चमकून राह्यलं!"

"चमकू दे. मंग शेगडी तूच घास!"

* * *

मराठीच्या देशपांडे मॅडम मानायलाच तयार नव्हत्या, की ज्योतीची सावली पडते. मी ज्योतीत मीठ टाकलं, मागे सोडियमचा दिवा लावला. अणू जो रंग ओकतो, तोच गिळतोही. भिंतीवर काळी सावली!

मॅडमनी लगेच घरी फोन लावला. "अहो, ज्योतीची सावली पाहिली मी!"

तिकडून आवाज आला, "उन्हात फिरलीस का?"

* * *

वैशाली राठोडला सूर्याच्या रंगपट्ट्यात काळ्या रेघा दिसल्या. तिला वाटलं, मशीन बिघडली. मी म्हटलं, "तेवढे रंग सूर्याभोवतीच्या वायूंनी खाल्ले. कोणी काय खाल्लं, ते रेघांवरून कळतं."

"म्हणजे सर, आपण इथं बसून सूर्याचा डबा उघडला!"

* * *

याच वैशालीची आई एकदा फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून एसटीनं आली. दुसऱ्या दिवशी मुलगा पाहायला येणार होता, म्हणून पोरीला न्यायला. वैशाली रडकुंडीला आली. "याडी, माही परीक्षा तं होऊ दे!"

याडी म्हणजे तिची आई, काही न ऐकता थेट आमच्या अंधाऱ्या खोलीत शिरली. आत फक्त सोडियमचा दिवा. तिनं खाली पाहिलं अन् किंचाळलीच! आरशांचा लालभडक घागरा काळाठिक्कर!

"याडी, या दिव्यात लाल रंगच नाही. मंग लाल दिसंल कुठून?"

आई व्हरांड्यात गेली. लाल! आत आली. काळा! पुन्हा बाहेर, पुन्हा आत.

मग ती स्टुलावर ऐसपैस बसली.

"वैशू, तुह्या बापाले फोन लाव. म्हणावं, पोराले इकडंच आणा. पयले या दिव्याखाली पाहू, मंग बोलू!"