तांबडी रेघ

डोक्यावर केस नावालाच उरले होते, तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. दोघा भावांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. एक थोरला, एक धाकटा. गिऱ्हाइकांना याहून जास्त नावांची गरज कधी पडली नाही. थोरल्याची एक पद्धत होती. नट आवळून झाला की काडीने तांबड्या रंगाची बारीक रेघ ओढायची, नटावरून थेट बोल्टापर्यंत. नट सैल होऊन जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. रेघ ओढल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर जात नसे.

मग एके दिवशी थोरल्याने किल्ल्या धाकट्यासमोर ठेवल्या. "मला कंटाळा आला," एवढंच म्हणाला आणि घरी बसला. स्वतःची जुनी मोटारसायकलही त्याने मागच्या गल्लीतल्या सुताराला विकून टाकली. धाकट्याला ते फार लागलं. भरल्या दुकानात आपल्याला एकटं टाकून गेला, ही अढी मनात बसली ती बसलीच. जाणं-येणं चालू राहिलं, पण बोलणं कोरडं. शेवटच्या भेटीत थोरल्याने विचारलं होतं, "हल्ली दुकान किती वाजता उघडतोस?"

"तुला काय करायचंय?" धाकटा म्हणाला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत थोरला झोपेतच गेला.

पुतणीने बापाची गाडी सुताराकडून परत मिळवली आणि ढकलत आणून काकाच्या दुकानात उभी केली. तिला ती चालवायची होती.

"काका, अगदी नवी नको करूस. बाबांच्या हातचं जे असेल ते तसंच ठेव."

"तुझ्या बाबांचं सगळं ठेवतो. त्या सुताराने जे दिवे लावलेत, तेवढे काढतो."

गाडी उघडली तसा धाकट्याच्या तोंडाचा पट्टाही सुरू झाला. सायलेन्सर तारेने बांधलेला. टाकीच्या गळतीवर साबण चोपडलेला. मागच्या चाकाच्या नटाच्या कडा इतक्या खाल्लेल्या, की पाना धरेना. समोरच्या पंक्चरवाल्याला त्याने मुद्दाम बोलावून दाखवलं.

"रंधा फिरवलाय रे त्याने याच्यावर."

"खिळे ठोकले नाहीत, हे नशीब समज," पंक्चरवाला म्हणाला. दोघेही पोटभर हसले.

साखळीच्या जोडाची क्लिप पाहून मात्र धाकट्याचं हसू गेलं. क्लिपचं बंद तोंड साखळी पळते त्या दिशेला हवं. नाहीतर धावताना क्लिप उडते आणि साखळी सुटते. इथे ती उलटी होती. थोरल्याने त्याला शिकवलेली ही पहिली गोष्ट. उलटी घातली म्हणून टपलीही खाल्ली होती.

त्याने रॉकेलच्या फडक्याने चाकाचा तो खाल्लेला नट पुसला. चिखल आणि ग्रीसचा थर निघाला आणि खाली तांबडा रंग दिसला. रेघ नव्हती ती, फराटा होता. नटावरून सुरू होऊन भलतीकडेच गेलेला. त्याच्याखाली आणखी एक जुना. त्याच्याही खाली आणखी एक. सुताराने नक्कल केली असेल, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पण तोच नट पुन्हा पुन्हा उघडून प्रत्येक वेळी नव्याने रेघ ओढण्याइतकी हौस नक्कल करणाऱ्याला कशाला असेल?

फडकं हातात तसंच घेऊन तो सुताराकडे गेला.

"गाडीला हात कोण लावत होतं?"

सुताराने करवत खाली ठेवली. "मला सायकलसुद्धा धड येत नाही रे. गाडी माझ्या नावावर, एवढंच. तुझ्या भावाला ती कुठेतरी ठेवायची होती. दुपारी यायचा, मागच्या खोलीत दार लावून बसायचा. हात थरथरायचे त्याचे. चहा दिला तर अर्धा बशीत. पाना घसरायचा, हा पुन्हा लावायचा. उघडलेला नट आवळायचा, आवळलेला उघडायचा."

"मला नाही सांगितलं."

"मी म्हटलं होतं, धाकट्याला सांग. तर म्हणाला, तो माझ्या हाताखाली शिकलाय, त्याने हे हात बघायचे नाहीत. एकदा नीट जमलं, की जाणारच आहे म्हणे दुकानात."

"मला म्हणाला, कंटाळा आला."

"काहीतरी म्हणायला हवंच ना माणसाला," सुतार म्हणाला.

धाकटा दुकानात परत आला. पंक्चरवाल्याने काहीतरी थट्टा केली, ती त्याच्या कानापर्यंत पोचली नाही. बापाच्या हातचं ठेवतो, असा शब्द पुतणीला दिला होता. आणि बापाच्या हातचं होतं तेच काढायला हवं होतं. अशा गाडीवर पोरीला बसवणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. त्याने क्लिप काढली, तार सोडली, साबण खरवडला. खाल्लेले नट एकेक करून डब्यात टाकले. तोंडाचा पट्टा बंद होता.

राहता राहिला सीटखालचा, हत्यारांच्या पेटीचा नट. त्याने सवयीने पाना लावला. पाना अचूक बसला. कडा शाबूत, वॉशर योग्य मापाचा. जोर दिला, नट हलला नाही. जेवढा हवा तेवढाच आवळलेला, थोरला आवळायचा तसा. वरची रेघ मात्र थरथरत, वळणं घेत कशीबशी बोल्टापर्यंत पोचली होती. तिचा रंग बाकीच्यांहून ताजा होता.

दुकान किती वाजता उघडतोस, असं थोरल्याने विचारलं होतं.

धाकट्याने पाना बाजूला ठेवला. त्या नटाला पुन्हा हात लावला नाही.

पुतणी गाडी न्यायला आली. नव्या नटांवरच्या सरळ रेघा पाहून तिचे डोळे भरले. "अगदी बाबांसारख्या ओढल्यास." मग तिने सीट उचलून पाहिलं. "सुताराचं सगळं काढलंस ना? ही एक रेघ वाकडी आलीय बघ, काका."

"सुताराला नावं ठेवू नकोस," धाकटा म्हणाला. "रेघ राहू दे. नट बघ. नट बरोबर आहे."