राठोडचा ऑस्ट्रेलिया

एकाच टपरीवर तीच ती माणसं वर्षानुवर्षं चहा प्यायला लागली की किस्से साठायला वेळ लागत नाही. गाडीच्या सीटखालच्या धुळीसारखं आहे ते. आज झाडून काढा, उद्या परत तेवढीच! आमची टपरी वसमतच्या बसस्टँडसमोर. बसणारे सगळे डेपोचे, बहुतेक रिटायर. आमच्या निम्म्या किश्शांचा धनी एकटा राठोड ड्रायव्हर, आणि उरलेले निम्मे म्हणजे आमचे दुसरे ड्रायव्हर गफूरभाई यांच्या तोंडाचे प्रताप.

राठोड आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावरचा. मी त्याचा कंडक्टर. वसमत-हिंगोली गाडीवर आमची जोडी होती. त्याची मुलगी सुनीता ऑस्ट्रेलियात नर्स आहे. राठोड रिटायर झाला तसं तिनं आई-बापाला तिकडं नेऊन देश फिरवून आणला. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो प्रवास अजून चालूच आहे! लोक सकाळी फुलं आणि सुविचार पाठवतात, राठोड ऑस्ट्रेलिया पाठवतो. माझा ड्रायव्हर एवढं बघून आला याचा मला अभिमान आहे, आणि तो मी कुणापासून लपवत नाही.

*

पहिला फोटो आला तो तिकडच्या एका प्रचंड लाल डोंगराचा. चहूकडं सपाट रान आणि मधोमध हा लालबुंद डोंगर एकटाच बसलेला. आम्ही सगळे मोबाईल लांब धरून, जवळ धरून बघत होतो.

गफूरभाई म्हणाले, “ड्रायव्हरसाब, ये तो नेट का माल है! ह्याच्यात तुमी कुठं हाय?”

“मी कसा असंन? फोटो मीच काढून राहिलो ना!”

“एकाबी फोटोत न्हाई?”

“न्हाई.”

“मंग झालं!”

त्या दिवसापासून राठोडनं काहीही टाकलं, की खाली गफूरभाईंचं उत्तर ठरलेलं: “तिकीट दाखवा!”

*

दुसऱ्या एका फोटोत खवळलेला समुद्र आणि पाण्यात उभे असलेले दगडाचे उंचच उंच सुळके होते. आम्ही “वा वा” करत होतो. तेवढ्यात राठोडची बायको शांतावहिनी बाजाराच्या पिशव्या घेऊन टपरीवर आल्या. मी विचारलं, “वहिनी, हे बघून काय वाटलं तुमाला?”

वहिनी म्हणाल्या, “काय वाटायचं भाऊ? देवानं खांब रोवले अन् स्लॅब टाकायचा इसरला!”

खाली गफूरभाईंचं “तिकीट दाखवा” पडलेलं होतंच.

*

आई-बाप निघायच्या आधी सुनीतानं फोनवर एकच फर्माईश केली होती. वसमतची हळद आणा! वहिनींनी घरची हळद नीट पॅक करून नेली, विमानात दिलेल्या कागदावर तसं लिहूनही दिलं. तिकडच्या विमानतळावरच्या साहेबानं पिशवी उघडायला लावली. त्यानं बोट बुडवलं, वास घेतला, मान डोलावली आणि पिशवी परत दिली. मग रुमालानं बोट पुसायला लागला. पुसतोय, पुसतोय, बोट पिवळं ते पिवळंच!

राठोड छाती फुगवून सांगतो, “वसमतची हळद हाय ती. त्याचं बोट अजून पिवळं असंल!”

“फोटो?” गफूरभाईंनी विचारलं.

“इमानतळावर फोटो काढू देत न्हाईत.”

“बराबर! जिथं पुरावा लागतो, तिथंच फोटोला बंदी!”

*

सुनीता शाळेत असताना बापाच्याच गाडीनं यायची. ड्रायव्हरच्या मागची सीट तिची. पुस्तक मांडीवर आणि नजर बापाच्या स्टेअरिंगवर. तिकडं ती गाडी चालवत होती आणि राठोड शेजारी बसला होता. जन्मात पहिल्यांदा! वळण आलं की पायाखाली नसलेला ब्रेक दाबायचा. संध्याकाळपर्यंत पोटऱ्या भरून आल्या.

मी विचारलं, “मग चालवते कशी?”

राठोड “खिल्लारे, मी खोड काढायला बसलो व्हतो. एकबी सापडली न्हाई,” म्हणाला आणि डोळे पुसायला लागला. चहाची वाफ गेली म्हणे डोळ्यात! चहा तेव्हा यायचा होता.

*

आता ज्यांनी कधी लाल गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोरून आपल्या डेपोची गाडी आली, की ड्रायव्हर स्टेअरिंगवरचा एक हात वर करतो. ओळख असो नसो, भांडण असो नसो. गफूरभाई हिंगोलीहून यायचे आणि आम्ही वसमतहून जायचो. औंढ्याच्या आसपास रोज गाठ पडायची. गाठ कसली, दोन काचा आणि दोन हात! अख्खी नोकरी या दोघांची भेट अशीच झाली.

राठोडनं तिकडच्या रानातल्या सरळसोट रस्त्याचा फोटो टाकला होता. आभाळाला टेकेपर्यंत रस्ता, ना झाड ना घर. तो सांगत होता, “समोरून दोन-तीन डबे जोडलेला ट्रक आला. सवयीनं माझा हात वर गेला. तर त्या गोऱ्या ड्रायव्हरनं स्टेअरिंगवरनं बोट उचललं! मंग येईल त्याला हात केला. समद्यांनी परत केला. आपल्याच डेपोचे म्हना की!”

गफूरभाईंनी तो रस्त्याचा फोटो दोनदा मोठा करून बघितला. पण ग्रुपवर मात्र टाकलंच: “तिकीट दाखवा!”

*

मग एक दिवस राठोडचे व्याही टपरीवर आले. राठोड मोठ्या हौसेनं एकेक फोटो दाखवत होता. गफूरभाई सवयीनं बोलून गेले, “असले नेटवर लई मिळतात.”

व्याही मोठ्यानं हसले. राठोडनं मोबाईल खिशात घातला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर फुलं आली, सुविचार आले, ऑस्ट्रेलिया आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा झाला, राठोड टपरीकडं फिरकला नाही. गफूरभाई दर थोड्या वेळानं मोबाईल उघडायचे आणि बंद करायचे. “तब्येत तो ठीक है ना उनकी?” हे मला रोज विचारायचे. मी म्हणालो, “तब्येतीला काही झालं नाही, खोटा ठरला याची तकलीफ आहे.”

*

आणि परवा संध्याकाळी शांतावहिनी एकट्याच तरातरा आल्या. गफूरभाईंच्या समोर स्वतःचा मोबाईल धरला.

“भाऊ, यांच्या मोबाईलमदी डोंगर हायत. माझ्या मोबाईलमदी हे हायत.”

आम्ही सगळे वाकलो. वहिनींच्या प्रत्येक फोटोत राठोड! खवळलेल्या समुद्राकडं मोबाईल रोखून उभा असलेला पाठमोरा राठोड. सुनीताच्या शेजारी जीव मुठीत धरून बसलेला राठोड. आणि शेवटी तो लाल डोंगर, खरं तर त्याचा एक कोपराच. पुढं राठोड उभा, अंगात खाकी! डेपोचा खाकी ड्रेस, कडक इस्त्रीचा, छातीवर बिल्ला. आणि उजवा हात वर केलेला.

मी म्हणालो, “वहिनी, हा फोटो इतकी वर्षं काहून दाखवला नाही?”

“हेच नको म्हनत. म्हने, रिटायर झालो अन् खाकी घातली, लोक हसतील.”

“आणि फोटोत डोंगर सगळा कापला की तुमी!” मी म्हणालो.

“डोंगर कुठं जातो, भाऊ? म्हनून मी यांचेच काढले.”

तेवढ्यात रस्त्यापलीकडं राठोड दिसला, बायकोला शोधत आलेला. तिच्या हातातला मोबाईल आणि आमची वाकलेली डोकी बघून तो जागीच थांबला. परत फिरणार, एवढ्यात गफूरभाई बाकावरून उठले, रस्त्याच्या कडेपर्यंत गेले आणि त्यांनी उजवा हात वर केला.

राठोड बघत राहिला. मग हळूच त्याचाही हात वर गेला.

हात तसाच ठेवून गफूरभाई टपरीवाल्याला ओरडले, “एक स्पेशल टाक रे! ऑस्ट्रेलियाची गाडी आली!”