रंगाखालचं लोखंड

रत्नाला गंजाची भीती वाटते. कुणाला पालीची वाटते, कुणाला विमानाची, तशी. वेस्ट विंडसरमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणारे ट्रक घरघरत निघाले, की ती खिडकीशी जाऊन उभी राहते आणि दार उघडं टाकून गावाला निघालेल्या माणसाकडे बघावं तसं त्या ट्रककडे बघते.

"बर्फ वितळतो त्यानं," प्रताप, तिचा नवरा, दरवर्षी सांगतो.

"आणि गाड्या पण," ती दरवर्षी म्हणते.

नागपूरहून लग्न होऊन आली तेव्हा तिच्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नव्हती. केमिस्ट्रीची एम.एस्सी. सुटकेसच्या तळाशी पडलेली आणि घर दिवसभर खायला उठलेलं. अशात प्रतापनं १९६६ सालची एक दोन दारांची निळी गाडी ओढून आणली आणि गॅरेजमध्ये उभी केली. प्रतापचं प्रेम इंजिनावर. गंज खरवडायचा म्हटलं की त्याची पाठ धरायची. मग खरवडायला रत्ना बसली, ती बसलीच. गंज काढायचा, प्रायमरचं अस्तर द्यायचं, वर काळा रंग चढवायचा. पुढे ग्रीन कार्ड आलं, नोकऱ्या करता आल्या असत्या. पण तोवर जुन्या गाड्यांचं वेड असलेली आजूबाजूची माणसं आपापले सुटे भाग तिच्याकडे आणून टाकायला लागली होती. रत्नाकाकूंचा काळा रंग म्हणजे आरशासारखा नाही, फार चकचकीत नाही, कारखान्यातून नुकताच आल्यासारखा. सगळे तसंच म्हणायचे.

तिच्या गॅरेजचा एकच नियम होता. उघड्या लोखंडाला हात लावायचा नाही. वाळूचा मारा देऊन गंज उडवला की लोखंड कोरं, राखाडी होतं, आणि प्रायमर बसेपर्यंत त्याला काहीही बाधतं. बोटाचा घाम लागला तरी दुसऱ्या दिवशी ठसा उमटतो. मुलगी इला लहानपणी त्या भागांना 'आईची न्यू बॉर्न बेबीज' म्हणायची.

तर गेल्या खंडेनवमीची गोष्ट. रत्नाच्या सासूबाई, मीनाक्षीबाई, नागपूरहून आलेल्या. प्रताप सकाळीच निळी गाडी घेऊन जर्सी सिटीला गेलेला, इलाला सणासाठी घरी आणायला. रत्ना हातमोजे घालत गॅरेजमध्ये आली आणि दारातच थांबली. हुकांना टांगलेल्या एकूणएक कोऱ्या भागांवर लालभडक टिळे होते.

"आई, हे काय केलंत?"

"पूजा केली. खंडेनवमी नाही का आज? गाडी तर तो घेऊन गेला. म्हटलं, तुझ्या लोखंडाला तरी कुंकू लावावं."

"मी हात लावू नका म्हणाले होते ना?"

"पाणी लावू नका म्हणाली होती तू. म्हणून तर तेलात कालवलं. मला काय समजत नाही का?"

रत्नानं डोळे मिटून घेतले. तेल पाण्यापेक्षा वाईट. तेलकट लोखंडावर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पडतात त्यात. पण बाईंनी एवढ्या थंडीत, गुडघे दुखत असताना, स्टुलावर चढून टिळे लावले होते. काय बोलणार?

"पुसते मी," ती म्हणाली.

"पूस ना. देवाला पोचलं ते."

तेल काढायच्या द्रावणात बुडवलेलं एक फडकं, पाठोपाठ कोरडं दुसरं. एकेक टिळा निघत गेला. शेवटी राहिला आर्म. पुढचं चाक गाडीला धरून ठेवणारा लोखंडी हात. डाव्या चाकाला एक, उजव्याला एक. हा डावा. टिळा त्याच्या टोकाशी, चाकाचा सांधा बसतो त्या वाटीजवळ होता. तो पुसला. खाली केसाएवढी लाल रेघ राहिली.

फडक्याचा दोरा असेल. तिनं पुन्हा पुसलं. रेघ गेली. ती फडकं ठेवायला वळली, परत बघितलं, तर लाल रेघ पुन्हा उमटत होती. आतून. हळूहळू, खरचटल्यावर रक्त यावं तशी.

"काय गं? अशी काय पाहून राहिली?"

"आई, लोखंड तडकलंय. कुंकू आत गेलंय."

"मग बरंच झालं की. आता लावू नको ते गाडीला."

"हा डावा आहे," रत्ना म्हणाली. तिला स्वतःचा आवाज कुठूनतरी लांबून आल्यासारखा वाटला. "उजवा निळ्या गाडीला लावलाय. उन्हाळ्यातच."

दोन्ही आर्म एकाच गाडीचे. पेनसिल्व्हेनियातल्या भंगाराच्या आवारात, नाक चेपलेल्या एका गाडीखालून प्रतापनं काढून आणलेले. त्याच्या गाडीचा उजवा अगदी सडलेला होता म्हणून तो आधी बदलला. म्हणजे ज्या धक्क्यानं हा तडकला, त्याच धक्क्यात तो उजवाही होता. आणि त्याला रंग कुणी दिला? रत्नानं. खड्डे होते पृष्ठभागावर, दिसू नयेत म्हणून एक हात जास्तच दिला. त्या खड्ड्यांत एखादा ओरखडा होता का? होता असं आठवायला लागलं. मग नव्हता असं. मग पुन्हा होता.

प्रतापचा फोन वाजत राहिला. इलाचाही. जुन्या गाडीच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, आणि परतीला गाडी इलाच चालवते, चालवताना ती फोन सायलेंटवर टाकते. ही शिस्त रत्नानंच लावलेली.

इलाचं लोकेशन मात्र दिसत होतं. टर्नपाइकवर, त्या टोलच्या महामार्गावर, एक निळा टिपका, दक्षिणेकडे सरकणारा.

"ही इला?" मीनाक्षीबाई चष्मा वर सरकवून फोनमध्ये डोकावल्या.

"हो."

"चाललीय की व्यवस्थित."

"चाललीय तोवर व्यवस्थित, आई. तो हात तुटला तर चाक खाली दुमडतं. ब्रेक लावायलाही काही उरत नाही. बाजूला ते अठरा चाकांचे ट्रक."

मीनाक्षीबाईंनी रत्नाच्या दंडाला धरलं, तेलाच्या बोटांनीच.

टिपका सरकला. थांबला. पुन्हा सरकला, रस्ता सोडून थोडा बाजूला गेला आणि तिथंच राहिला.

"थांबून का राहिली ती?"

रत्नानं नकाशा मोठा केला, लहान केला, मोठा केला. टिपका हलेना. तिला दिसायला लागलं ते नकाशात नव्हतं. वाकडं झालेलं चाक. काचा. पोरीचा केस बांधायचा तो पिवळा रबर रस्त्यावर. शेजारी सासूबाई पुटपुटत होत्या, कुठलं स्तोत्र ते कळत नव्हतं, आणि मध्येच थांबत होत्या, शब्द विसरल्यासारख्या.

फोन वाजला.

"आई? इतके मिस्ड कॉल्स? आर यू ओके? इज आजी ओके?"

"कुठे आहेस?"

"रेस्ट एरिया. बाबांना कॉफी हवी होती. व्हाय आर यू क्राइंग?"

"गाडी हलवू नकोस. बाबांना दे फोन."

प्रतापनं सगळं ऐकून घेतलं. मग हसला. "म्हणजे आईनं कुंकू लावलं म्हणून मी टर्नपाइकवर टो ट्रक बोलवू? अगं, मस्त धावतेय. इला सत्तर मैलांच्या वेगानं नेत होती."

"प्रताप, मी तुझ्या पाया पडते."

"आता थोडंच तर राहिलंय. हळू आणतो ना, उजव्या लेननं."

मीनाक्षीबाईंनी सुनेच्या हातून फोन काढून घेतला. "प्रताप. किल्ली पोरीच्या हातून घे आणि खिशात टाक. टाकली? आता बसून राहा तिथंच. लहानपणी ऐकलं नाहीस माझं, आज ऐक."

दुपारी निळी गाडी ट्रकच्या पाठीवर बसून घरी आली. प्रतापचं तोंड फुगलेलं. शेजाऱ्यांनी विचारलं तर काय सांगायचं, याची त्याला चिंता. त्यानं गाडी जॅकवर उचलली, चाक काढलं आणि "घे, बघ तुझं समाधान" म्हणत दिवा धरला.

आर्म काळा, सुरेख दिसत होता. उन्हाळाभर धावूनही एक टवका उडाला नव्हता. वाटीभोवती रत्नानं रंग काढायचं द्रावण ब्रशनं लावलं. रंगाला सुरकुत्या पडल्या, फुगून आला. तिनं पत्र्याच्या पातीनं तो ओढला. खालचा प्रायमर ओढला. मग तारेचा ब्रश फिरवला आणि हात थांबवला.

रेघ होती. वाटीच्या निम्म्या घेरापर्यंत गेलेली, डाव्याच्या दुप्पट. तिच्या दोन्ही काठांना तांबूस कड होती. रंगाच्या आत, कुणाला न दिसता, गंज कामाला लागला होता.

प्रतापनं दिवा जमिनीवर ठेवला आणि तिथंच, गार काँक्रीटवर, बसला. इला मागे उभी होती.

"आई, डिड यू नो?"

"नाही."

"पण तू पेंट केलंस ना?"

"केलं," रत्ना म्हणाली. "फार छान केलं."

दसऱ्याला कुणालाच जेवण गेलं नाही. रत्नानं जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायला घेतले. चाकाशी, ब्रेकशी, स्टिअरिंगशी जोडलेलं काहीही मी रंगवून दिलं असेल तर गाडी काढू नका, भाग परत आणा, मी तपासते. काहीजण हसले. काहीजण आले. पुढच्या महिनाभरात तिनं स्वतःच्या हातचा रंग स्वतःच ओरबाडला, बोटांना द्रावण चावेपर्यंत. आणखी कुठे तडा सापडला नाही. त्यानं तिची झोप परत आली असं मात्र झालं नाही.

परवा एडिसनहून राजीव आला, रंगवायला एक जुना आर्म घेऊन. हा तिच्या जुन्या गिऱ्हाइकांतला, गाड्यांच्या प्रदर्शनात बक्षिसं मिळवणारा.

"काळा द्या हां काकू, तुमचा तो."

"फिका राखाडी मिळेल."

"असं काय करता यार? ओरिजिनल काळाच होता. जज मार्क कापतात."

"काळ्यात तडा दिसत नाही. राखाडीत गंजाची रेघ आली की वाकून बघणाऱ्याला लगेच दिसते. शिवाय पातळ देणार. खड्डे तसेच दिसतील."

"म्हणजे छान दिसणारच नाही."

"नाही दिसणार."

राजीवनं आर्म उचलला, गाडीपर्यंत गेला, दार उघडून उभा राहिला. मग परत आला आणि टेबलावर ठेवून गेला.

रत्नानं हातमोजे चढवले. आर्म खिडकीशी नेला, उजेडात फिरवला, वाटीशी भिंग धरलं. काही नव्हतं. तिनं भिंग पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली.