आठवा खांदा

"खांदा! एक खांदा कमी पडतोय!" पेप्पेआजोबा असे ओरडले, की पुलिया प्रांतातली समस्त ऑलिव्हची झाडं दचकली. इटलीतल्या या खेड्यात उन्हाळी जत्रेला संताची मूर्ती आठ सारख्या उंचीच्या खांद्यांवरून निघते. तरुण शहरात गेलेले, उरलेले सात म्हातारे. आठवा नाही तर मिरवणूक नाही. आजोबांनी काठीने माझा खांदा मोजला आणि मला, उपऱ्या पाहुण्याला, मूर्तीच्या पालखीच्या दांडीखाली ढकललं. संताचं वजन सह्याद्रीएवढं. मी गुडघाभर जमिनीत रुतलो, शपथेवर सांगतो! पण खिडक्यांतून फुलं पडू लागली आणि वाटलं, गाव चालतं राहायला कधीकधी एक परका खांदाही पुरतो.

"कसा उचलला मी संत?" मी धापा टाकत विचारलं.

"पुढच्या वर्षी पातळ तळाचे बूट घालून ये," आजोबा म्हणाले. "मूर्ती कलते."