खालच्या मजल्यावरचे पोप

कासारवाडीत माझ्या खोलीच्या खाली एक म्हातारे पाद्री एकटेच राहतात. चर्चनं लॅटिनमधली जुनी प्रार्थना सोडली, म्हणून ते चर्चमधून बाहेर पडले. रोमचा पोप खरा नाही, खरे पोप आपणच, असं ते शांतपणे सांगतात. सुरुवातीला मला वाटलं, डोकं फिरलंय. स्वतःला ते ‘आम्ही’ म्हणतात. किराणावाला मुद्दाम विचारतो, “पोहे किती जणांचे देऊ?”

“आम्हा एकट्याचे,” ते म्हणतात आणि इस्त्रीचा पांढरा झगा सावरत निघतात.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मी चाकणहून पहिली शिफ्ट करून आलो, तर ते परात, तांब्या आणि टॉवेल घेऊन दारात उभे.

“आज येशूनं बारा शिष्यांचे पाय धुतले होते. पोपला ते करावं लागतं. जरा बसता का?”

“काका, दिवसभर सेफ्टी शूज होते, पाय वास मारतायत. आणि तुम्ही वडीलधारे. मला पाप लागेल.”

“पापाचं आम्ही बघून घेऊ.”

मी बसलो. गुडघे टेकून त्यांनी माझे पाय अगदी बोटांच्या बेचक्यांपर्यंत धुतले, पुसले. मग त्यांना उठता येईना. मी हात दिला.

“बारा जण लागतात ना, काका? बाकीचे?”

“यंदा तुम्ही मिळालात.”

“आणि मागच्या वर्षी?”

ते टॉवेलाची घडी घालत राहिले. पहिल्यांदाच ते ‘आम्ही’ म्हणाले नाहीत.

“मागच्या वर्षी मी माझेच धुतले.”