बुबुळातला तीळ

मखमलाबादच्या नवसाबाईनं लग्नाआधीच सासरचं भांडण ऐकलं होतं. पाहायला आलेली मंडळी ओट्यावर होती आणि ती आत चहात साखर ढवळत होती. होणारी सासू भागीबाई दबक्या आवाजात, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल इतपतच, नवऱ्याला म्हणाली, "अहो, पोरीच्या बुबुळात काळा तीळ हाय! घर बुडवील!"

"तिनं काय डोळ्यानं भाकरी थापायची हाय?" सासरा पुंजा खेकसला. "तुझ्या डोळ्यात नाय तीळ, तरी मी काय सुखात हाय व्हय?"

लग्न झालं. घर काही बुडालं नाही. दूध नासलं तरी भागीबाई सुनेच्या डोळ्याकडं बघायची, एवढंच. त्याच डोळ्यानं नवसाबाईनं चाळीस वर्षं शेवंती खुडली आणि पाटी घेऊन फुलबाजार गाठला.

साठीत तीळ फुगला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर आहे, डोळा काढावा लागेल. रक्तही घेतलं. त्यातल्या दोन जातींच्या पांढऱ्या पेशींचं प्रमाण बघून आजार पुढं पसरेल का, याचा अंदाज येतो म्हणे.

अंदाज म्हटल्यावर लेकाला, समाधानला, बळ आलं. हा द्राक्षवाला. पानाचे देठ तपासायला पाठवून रिपोर्ट आल्याशिवाय बागेला चिमूटभर खत द्यायचा नाही. म्हणाला, "रक्ताचा रिपोर्ट येऊ दे, मग डोळ्याचं बघू." नातेवाईकही असे जमले, जणू कुणाची पत्रिकाच उघडायची होती.

रिपोर्ट काही बरा आला नाही. समाधान मान खाली घालून म्हणाला, "आई, राहू दे डोळा. उगाच हाल कशाला?"

"का रे शहाण्या," नवसाबाई कडाडली, "देठाचा रिपोर्ट वाईट आला की तू बाग सोडून देतोस? तवा तर रातंदिस पळतोस! वेलीला जास्तीचं खत, अन् आईला रामराम? आजीनं तीळ बघून भविष्य सांगितलं, नातू रक्त बघून सांगतोय. घरात जोशीच जन्मले सगळे!"

डॉक्टरीणबाईंनीही त्याला झापलं. असला रिपोर्ट आला की उपचार सोडायचे नसतात, तपासण्या वाढवायच्या असतात. आणि अंदाज म्हणजे काही खात्री नव्हे.

डोळा काढला. दर तीन महिन्यांनी रक्त आणि पोटाची सोनोग्राफी ठरली. चार वर्षं एका डोळ्यानं नवसाबाईनं शेवंती खुडली. मग आजार यकृतात निघाला, आणि "तरी आम्ही म्हणत होतो" म्हणणाऱ्यांची घरी रीघ लागली. शेवंती खुडायला त्यांतलं एकही कधी आलं नव्हतं.

पुढच्या तारखेला ती नेहमीसारखी निघाली. आधी बाजारात पाटी रिकामी केली. मग दवाखान्यात रक्त घेणाऱ्या पोरापुढं हात केला. "नीट टोच रे बाबा, मागच्या येळी शीर चुकवलीस," म्हणाली. ओच्यातली ठेवणीतली दोन फुलं टेबलावर ठेवली आणि कोपराच्या खळीत कापूस दाबत, रिकामी पाटी काखेत मारून, बसथांब्याकडं निघाली.